पागोळी आणि पन्हळ

मृगाची पहिली दमदार सर येऊन गेली की जुन्या कौलारू घराच्या भिंतीपासून दीड-दोन हातांवर, जमिनीत बारीक खळग्यांची एक सरळ रांग उमटते. वळचणीवरून ओघळणाऱ्या पागोळ्यांनी ती पाडलेली असते. घराचे आयुष्य किती, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तुळया व खांब पाहण्यापूर्वी ही रांग आणि भिंत यांच्यामधले अंतर पाहावे. ते पुरेसे असेल तर पाणी पडते आणि अंगणाच्या उताराने निघून जाते. ते कमी असेल तर शिंतोडे जोत्यावर उडतात, मातीची भिंत तळाशी भिजते, फुगते, आणि श्रावणातल्या एखाद्या रात्री कोणाला चाहूल न लागू देता बसते. वरचे छप्पर कितीही बळकट असो, घर पडते ते बहुधा पायाशी भिजून.

या भीतीतून पन्हळ जन्मास आली. छपराच्या कडेला एक अरुंद चर बांधावयाचा, शेकडो धारांची एक धार करावयाची आणि ती आपल्याला हवी तेथे नेऊन सोडावयाची, एवढेच तिचे काम. वस्तू इतकी साधी की वास्तुकलेच्या इतिहासात तिला अर्धे पानही मिळत नाही. कमानींवर ग्रंथ आहेत, शिखरांवर आहेत. परंतु त्या कमानी आणि ती शिखरे पावसातून वाचविणाऱ्या चराची दखल कोणी घेतलेली नाही. शब्दांनी मात्र ती घेतली आहे. संस्कृतातील ‘प्रणाल’ व ‘प्रणाली’ म्हणजे पाण्याचा नाला, पाट. हिंदीतील ‘परनाला’ त्याच घराण्यातला. मराठी ‘पन्हळ’ही त्याच कुळातली मानली जाते. शिवमंदिरात अभिषेकाचे पाणी ज्या मुखातून बाहेर पडते, आणि प्रदक्षिणा करणारा भाविक जे ओलांडीत नाही, त्यालाही प्रणालच म्हणतात. सरकारी कचेऱ्यांतून ज्या ‘कार्यप्रणाली’चा एवढा उद्घोष होतो तिचा मूळ अर्थही पाणी वाहून नेणारा चर असाच आहे. तो चर अधूनमधून तुंबतो, हे त्या शब्दाच्या स्वभावाला धरूनच म्हणावयाचे!

पन्हळीचा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. आपल्या छपरावरचे पाणी आपण टाळले की ते कोठे तरी पडणार, आणि ते बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते. म्हणून या विषयाचा कायदा फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तूसंबंधीच्या नियमांत याची बारकाईने व्यवस्था केलेली आढळते. शेजारच्या दोन छपरांच्या कडा एकमेकींपासून चार अंगुळे दूर असाव्यात, किंवा एकीने दुसरीवर चढावे. प्रत्येक घराने पाण्याला पुरेसा उतार असलेली वाट काढून द्यावी, ती शेजाऱ्याच्या हद्दीपासून ठरावीक अंतरावर असावी, आणि पाणी तीतून अखंड वाहावे किंवा खाली पडावे. नियम मोडणाऱ्यास ५४ पण दंड. रोमन कायद्यानेही या विषयात एक सूक्ष्म भेद केला होता. शेजाऱ्याच्या छपरावरून थेंबाथेंबाने पडणारे पाणी सोसण्याचे बंधन वेगळे, आणि पन्हळीतून एकवटून येणारी धार सोसण्याचे बंधन वेगळे. थेंब आणि धार यांतला हा फरक ज्याच्या अंगणात शेजाऱ्याची पन्हळ उघडते त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या आधारे असे दावे उभे राहत आले आहेत, आणि वळचणीच्या पाण्यावरून भाऊबंदकी पेटल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकावयास मिळतील.

परंतु पाणी टाळणे ही या इतिहासाची एकच बाजू झाली. दुसरी बाजू पाहावयाची तर मुंबईच्या उत्तरेस, बोरिवलीच्या जंगलात असलेल्या कान्हेरीच्या डोंगरावर जावे लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तेथे बौद्ध भिक्षूंची लेणी कोरण्यास प्रारंभ झाला आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे तो विहार नांदता राहिला. शंभरांहून अधिक लेणी असलेल्या या वसाहतीत नळ नव्हता. बाराही महिने पुरेल असा ओढाही नव्हता. पावसाळ्यात डोंगर धो धो वाहावा आणि वैशाखात खडक तापून निघावा, अशी ती जागा. तेथील कारागिरांनी लेण्याच्या दर्शनी भागावर, कपाळीच्या खडकात, छिन्नीने पन्हळी कोरल्या. डोंगराच्या उघड्या पाठीवर पडणारे पाणी या पन्हळी अडवितात. ते लेण्याच्या दारावर कोसळू न देता बाजूला वळवितात, आणि दाराशेजारी खोदलेल्या टाक्यात आणून सोडतात. जी खोबण लेण्याला कोरडे ठेवते तीच भिक्षूला पाणी पाजते.

या टाक्यांना तेथील प्राकृत शिलालेखांत ‘पोढी’ असे नाव आहे. कल्याणसारख्या गावांचे व्यापारी व गृहस्थ दान देतात ते लेण्याचे आणि पोढीचे. दोन्हींचा उच्चार एका दमात होतो. निवारा दिला आणि पाणी दिले नाही तर दान पुरे होत नाही, असा त्याचा भाव असावा. पाणी गाळून घेण्याचे वस्त्र हे भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंपैकी एक मानले जाई, हे ध्यानात घेतले की या पन्हळींची निगा कशी राखली जात असेल याची कल्पना येते. जे पाणी आपल्या पात्रात येणार त्याच्या वाटेवर पाला कुजू देणारा मनुष्य विरळा. पन्हळीच्या इतिहासात पुढे जे काही घडले ते समजण्यास हा धागा हाती ठेवणे उपयोगी पडेल.

याहून मागे जावयाचे तर सिंधुसंस्कृतीच्या नगरांचा उल्लेख करावा लागतो. मोहेंजोदडोच्या घरांत भिंतीतून खाली उतरणारे भाजक्या मातीचे नळ सापडले आहेत. ते स्नानाच्या पाण्यासाठीही असतील, कारण सिंधमध्ये पाऊस तो केवढा? कच्छमधील धोलावीरा मात्र निःसंशय पावसाचे नगर होते. तेथे बालेकिल्ल्यातून पावसाचे पाणी नेणारे दगडी नाले आणि ते साठविणारे प्रचंड तलाव उत्खननात उघडे झाले. जेथे आभाळ कृपण असते तेथे माणूस पन्हळीकडे आदराने पाहतो, असेच दिसते.

याच्या उलट उदाहरण कोकणाचे. तेथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि चार महिने पाणी ही एक आपत्तीच असते. कोकणी घराने या आपत्तीला उत्तर दिले ते उतरत्या छपराने, जांभ्याच्या उंच जोत्याने आणि भिंतीपासून दूरवर काढलेल्या वळचणीने. पावसाची झड ज्या बाजूने येते त्या बाजूला माडाच्या चुडतांचे झाप उभे करावयाचे आणि पागोळ्यांना खुशाल पडू द्यावयाचे. सबंध घराला वेढणारी पन्हळ तेथे पूर्वी क्वचितच असे. ती येई ती दोन छपरांच्या सांध्यात, किंवा माजघरापासून न्हाणीघरापर्यंत पाणी नेण्यासाठी. पोफळीचे खोड उभे चिरून आतला भुसभुशीत गाभा कोरून काढला की उत्तम पन्हळ तयार होई. कळक चिरून त्याच्या गाठी फोडल्या की लहानशा कामाला तो चाले. दोन-चार पावसाळ्यांनी ती कुजे, आणि दुसरी बागेतच उभी असे. या पन्हळीखाली हंडे-घागरी मांडल्या जात. ते पाणी धुण्याभांड्याला लागे, पिण्याला नाही. पिण्यासाठी विहीर तुडुंब होती. मग वैशाखात तीच विहीर तळ दाखवी आणि घरातल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन कोस कोस चालत. आषाढात त्याच अंगणातून वाहून गेलेल्या पाण्याची त्या वेळी कोणास आठवण होई किंवा नाही, कोण जाणे.

घाटावर प्रश्न निराळा. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या भागांत घरे धाब्याची. सपाट माळवदावर पांढऱ्या मातीचा थर चोपून बसविलेला असतो. येथे पाऊस थोडा, पण पडला की छपरावरच साचून राहणारा. म्हणून कठड्याच्या भिंतीतून दगडाची किंवा लाकडाची नाळ हातभर पुढे काढीत. ती आखूड झाली की पाणी भिंतीवरून ओघळे आणि मातीत चर पाडी. दर उन्हाळ्याच्या अखेरीस धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावयाची आणि नाळेचे तोंड मोकळे करावयाचे, हा नेम चुकलेले घर तीन-चार पावसाळ्यांत ओळखू येई. पुण्या-नाशिकच्या वाड्यांत चारी बाजूंची छपरे चौकात उतरत. तेथे पन्हळ नसेल तर चौकाच्या कडेने चालणाऱ्याला चारी बाजूंनी पागोळ्यांचा पडदा ओलांडावा लागे. काव्यात तो रम्य असतो. सोवळ्यात पाणी आणणाऱ्या आजीबाईंचे मत वेगळे पडे.

पन्हळीला खरा गृहप्रवेश मिळाला तो गुजरातेत. अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेल्या अहमदाबादच्या पोळींमध्ये, दाटीने उभ्या असलेल्या लाकडी कोरीव कामाच्या घरांच्या चौकाखाली, चुन्याने गिलावा केलेली टाकी असत. अठराव्या शतकात पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल या शहरावर होता. त्या काळात तेथे गेलेल्या मराठी माणसाला हा प्रकार नवलाचा वाटला असेल, कारण वाड्याच्या चौकात पडणारे पाणी मोरीने बाहेर घालविण्याची त्याची सवय, आणि येथे तेच पाणी चौकाच्या पोटात उतरविलेले. पावसाळ्यापूर्वी गच्ची आणि छपरे झाडून धुवून काढीत. पहिल्या सरींचे पाणी, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येणारे, रस्त्यावर सोडून देत. आभाळ स्वच्छ धुतले गेले आणि छप्पर निवळले, अशी खात्री पटली की नळाचे तोंड टाक्याकडे वळवीत. मघा नक्षत्राचे पाणी टिकाऊ आणि उत्तम, अशी तिकडे श्रद्धा आहे. टाक्यावर झाकण असे. आत उजेड जाऊ दिला नाही की शेवाळ धरत नाही, हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पोरबंदर येथील गांधीजींच्या वडिलोपार्जित घरातही असेच पावसाच्या पाण्याचे टाके आहे.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे २,३६० लिटर पाणी उतरते. अहमदाबादला वर्षाकाठी सुमारे ३० इंच पाऊस होतो, म्हणजे तेवढ्या छपराचे वर्षाचे उत्पन्न ७० हजार लिटरांच्या घरात जाते. त्यातले काही उडून जाते, काही पहिल्या सरीत सोडावे लागते; तरीही एका कुटुंबाच्या पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याची वर्षभराची तरतूद त्यात सहज होई. या तरतुदीचा एकुलता एक मार्ग म्हणजे ती पन्हळ. ती फुटकी ठेवून भागत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी, रणछोडलाल छोटालाल यांच्या पुढाकाराने, अहमदाबादला नळाचे पाणी आले. शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु नळ घरात आला आणि टाक्याकडे जाणारी वाट हळूहळू विसरली गेली. पन्हळ राहिली, तिचे तोंड मात्र गटाराकडे वळले. पिण्याचा संबंध तुटताच निगेचाही तुटला. पुढील शंभर वर्षांत हिंदुस्थानातील शहराशहरांतून हेच घडत गेले.

त्याच शतकात पन्हळीचे द्रव्यही पालटले. युरोपात श्रीमंतांच्या इमारतींना शिशाच्या पन्हळी असत. लंडनच्या किल्ल्यातील बुरुजाला नुकतीच सफेदी केलेली असल्याने पावसाने ती डागळू नये म्हणून, तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये शिशाचे नळ जमिनीपर्यंत उतरविण्याचा हुकूम दिला होता. भिंतीची काळजी राजालाही चुकत नाही ती अशी. पुढे ओतीव लोखंड आले. १८२९ मध्ये हेन्री पामर याने नालीदार पत्र्याचा एकाधिकार घेतला, १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचा. आणि या दोन युक्त्यांच्या मीलनातून जो पन्हाळी पत्रा निर्माण झाला त्याने जगाची छपरे व्यापली. १८६५ मध्ये बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. हाताने थापलेल्या नळीच्या कौलांची कड वेडीवाकडी असे, तिला पन्हळ नीट बसत नसे. मंगलोरी कौल साच्यातले, एकसारखे. त्याची वळचण सुतात येते. त्यामुळे कोकणात आणि मलबारात, जेथे पूर्वी पागोळ्याच पडत होत्या, तेथे कारागिराने पत्रा वाकवून केलेली पन्हळ घराघराला लागू लागली.

नव्या द्रव्यांनी नवे रोग आणले. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात जस्ताचा मुलामा लवकर झिजतो आणि मग खालचे लोखंड एकदोन पावसाळ्यांत चाळणी होते. तांब्याच्या छपरावरून आलेले पाणी जस्ताच्या पन्हळीत सोडले तर ते जस्त खाऊन टाकते. अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ स्वस्त म्हणून पुष्कळ वापरले गेले. त्यांच्या तंतूंचा फुप्फुसांना होणारा अपाय पुढे सिद्ध झाला, आणि जुना नळ कापणे वा फोडणे हे आज धोक्याचे मानले जाते. प्लॅस्टिकची पन्हळ गंजत नाही, पण ऊन तिला ठिसूळ करते. अमर पन्हळ अद्याप कोणी केलेली नाही. पोफळीच्या पन्हळीत एक गुण होता: ती कुजणार हे सर्वांना ठाऊक असे, म्हणून तिच्याकडे दरवर्षी पाहिले जाई.

निवड करताना आणखी एक चूक सर्रास होते. मनुष्य वर्षाचा पाऊस विचारतो. पन्हळीला मात्र तासाचा पाऊस सोसावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईस सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हजार चौरस फुटांच्या छपरावरून त्या एका दिवसात ८७ हजार लिटरांहून अधिक पाणी उतरले, म्हणजे अहमदाबादच्या तेवढ्याच छपराच्या सबंध वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त. त्याच दिवशी दक्षिणेस कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. अशा पावसापुढे कोणतीही घरगुती पन्हळ पुरी पडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून शहाणा कारागीर पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवतो. भरून वाहिलीच तर ती अंगणाकडे वाहावी, भिंतीकडे नव्हे. उतार दहा फुटांस पाव ते अर्धा इंच पुरतो. फार दिला तर पन्हळीचे एक टोक वळचणीपासून खाली लोंबते आणि पाणी तिच्या बाहेरून उडी मारते. आधाराचे आकडे दोन-अडीच फुटांवर हवेत, कारण भरलेल्या पन्हळीचे वजन रिकाम्या पन्हळीवरून कळत नाही. आणि एक लांब पन्हळ एका नळावर संपविण्यापेक्षा दोन टोकांना दोन नळ देणे केव्हाही हिताचे. एक तुंबला तर दुसरा लाज राखतो.

अलीकडच्या काळात या कथेने एक वळण घेतले ते चेन्नईत. २००३ मध्ये तामिळनाडू सरकारने इमारतींच्या छपरावरील पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था सक्तीची केली. घरोघरी गच्चीवरून नळ उतरले, खड्डे खणले गेले, आणि त्यानंतरच्या चांगल्या पावसाळ्यांत शहरातील विहिरींची पातळी वर आल्याचे दिसून आले. वळचणीचे पाणी आढ्याला नेणे ही मराठीत अशक्य गोष्टीची खूण मानली जाते. चेन्नईने ते निदान विहिरीत नेऊन दाखविले. परंतु २०१९ च्या उन्हाळ्यात त्या शहराचे मोठे जलाशय कोरडे पडले. रांगा लागल्या, आणि लोक घराच्या कोपऱ्यातील ते खड्डे उघडून पाहू लागले तेव्हा अनेक ठिकाणी ते गाळाने बुजलेले, नळ पाल्याने चोंदलेले आढळले. सरकारी सक्तीने नळ बसला होता. दरसालची निगा सक्तीत बसत नव्हती. ज्या घरांत ते पाणी प्रत्यक्ष वापरात होते तेथली गोष्ट निराळी होती.

पन्हळ साफ करण्याचा काळ रोहिणी नक्षत्राचा, मृगाच्या अगोदरचा. उन्हाळ्यात तिच्यात काय काय साचते ते शिडी लावल्यावाचून कळत नाही: आंब्याचा मोहोर, पिंपळाची पाने, कौलांची वाळू, चिमण्यांचे काटक्यांचे घरटे, आणि कधी कधी तोच पिंपळ, हातभर उंच, सांध्यात मूळ धरून बसलेला. तो नुसता ओढून काढावयाचा नसतो, मुळासकट सोडवावा लागतो. नाही तर पुढल्या वर्षी तो सांधा फोडून वर येतो. पाला काढून झाला, नळाच्या तोंडावरची जाळी पुन्हा बसविली, म्हणजे पन्हळीच्या वरच्या टोकाला एक कळशी पाणी ओतावे आणि ते कसे जाते ते पाहत राहावे. ते जेथे थबकते तेथला आकडा खचलेला असतो.